बांधावरच्या आंब्याची पोळी : ऊन आणि ओव्हन यांची जोड



रोहिणी नक्षत्र लागले की मराठवाड्यातील गावरान आंबा पाडाला येतो. तो एकदम येतो आणि आठ-पंधरा दिवसांत संपतो. याच काळात वळवाचे पाऊस सुरू होतात, वारा-वादळ होते, आणि घरातील सगळी माणसे मृगाच्या पेरणीच्या तयारीला लागलेली असतात. आढीतील आंबा रोज पाहण्यास कोणाला सवड नसते. आज पिकलेले फळ परवा मऊ होते आणि चौथ्या दिवशी उकिरड्यावर जाते. केशर आंब्याला बाजार आहे, मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. परंतु बांधावरच्या रायवळ झाडाच्या लहान, धागेदार, पातळ रसाच्या फळाला बाजारात कोणी विचारत नाही.

याचा परिणाम शेवटी झाडावर होतो. बांधावरच्या आंब्याची सावली कापसावर, सोयाबीनवर पडते, त्या पट्ट्यात पीक कमी येते, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. फळाचे काही मिळत नसेल तर सावलीचे नुकसान कशासाठी सोसायचे, असा विचार होऊन कुऱ्हाड पडते. पन्नास-साठ वर्षांचे झाड एका दिवसात सरपण होते. ते झाड राखायचे असेल तर त्याच्या फळाला घरात आणि बाजारात काही किंमत आली पाहिजे. आंब्याची पोळी हा त्याचा एक सोपा मार्ग आहे.

सेलू तालुक्यातील वालूर हे बारवेसाठी ओळखले जाणारे गाव घ्या किंवा परभणी जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या, कुरडया, पापड, शेवया, सांडगे यांचे उन्हाळी वाळवण प्रत्येक माळवदावर आणि अंगणात असतेच. पोळी हे त्याच वाळवणातील एक आहे. कोकणात तिला आंब्याची पोळी किंवा साठ म्हणतात, आणि बरक्या फणसाचीही तशीच फणसपोळी करतात. आंध्र प्रदेशात मामिडी तांड्रा, बंगालमध्ये आमसत्त्व, उत्तरेत आम पापड ही तिचीच नावे. तुर्कस्तानात द्राक्षे व तुती यांच्या रसाची अशीच पातळ पोळी वाळवितात आणि तिला पेस्तील म्हणतात. जेथे फळ भरपूर आणि ऊन कडक, तेथे ही युक्ती लोकांना सुचलेली आहे.

मराठवाड्यात अडचण येते ती वेळेची. आंबा पिकतो नेमका आभाळ भरून येण्याच्या दिवसांत. दोन दिवस ऊन मिळाले आणि तिसऱ्या दिवशी ढग आले तर अर्धवट वाळलेल्या पोळीला बुरशी येते. अशा वेळी घरातील विजेचा ओव्हन उपयोगी पडतो. ओव्हन केक भाजण्यासाठी घेतलेला असला तरी तो नीट वापरल्यास वाळवणयंत्राचे काम करतो. ते कसे, हे या लेखात सविस्तर पाहू.

पोळी टिकते कशामुळे?

पिकलेल्या आंब्याच्या रसात साधारण ८० ते ८५ टक्के पाणी असते. एवढ्या पाण्यात बुरशी, यीस्ट व इतर सूक्ष्म जीव झपाट्याने वाढतात, म्हणून रस एका दिवसात आंबतो. हेच पाणी १५ ते २० टक्क्यांवर आणले तर उरलेले पाणी फळातील व घातलेल्या साखरेशी बांधले जाते. सूक्ष्म जीवांना वापरण्यासाठी मोकळे पाणी फारसे राहत नाही. रसातील आंबटपणाचीही यात मदत होते. म्हणजेच पोळी टिकते ती पाणी गेल्यामुळे.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भाजणे आणि वाळविणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. उष्णता जास्त दिली म्हणजे पोळी लवकर होईल असे वाटते, पण तसे होत नाही. ८०-९० अंश सेल्सिअसच्या वर थराचा वरचा भाग झटकन सुकून त्याची कडक साय बनते. या सायीखालचे पाणी मग बाहेर पडू शकत नाही. पोळी हाताला कोरडी लागते, डब्यात जाते आणि आठ दिवसांनी आतून बुरशी धरते. शिवाय साखर करपून रंग काळपट होतो व चव कडवट लागते. पाणी बाहेर काढण्यासाठी माफक उष्णता आणि खेळती हवा या दोन्ही गोष्टी लागतात. त्यांपैकी हवेकडे बहुधा दुर्लक्ष होते.

फळाची निवड

१) फळ पूर्ण पिकलेले, गोड व सुवासिक असावे. कच्चट फळाची पोळी आंबट व फिकी होते. वादळात पडलेल्या कैऱ्यांची आंबोशी किंवा लोणचे करावे, पोळी करू नये.

२) फळ मऊ झालेले, आकाराने लहान किंवा सालीवर डाग असलेले चालते. कुजलेले, आंबूस वास येणारे, अळी पडलेले किंवा फुटून माती शिरलेले फळ मात्र घेऊ नये. एका खराब फळाने सगळा रस बिघडतो.

३) आंबा गवताच्या किंवा पेंढ्याच्या आढीत पिकवावा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, आणि अशा फळाला वरून रंग येत असला तरी आतून गोडी येत नाही.

४) काही गावरान झाडांच्या फळांना शेपूसारखा उग्र वास असतो. रस आटला की हा वास अधिकच जाणवतो. अशा फळाची आधी एक ताट पोळी करून पाहावी, मगच जास्त करावी.

लागणारे साहित्य

आंब्याचा गाळलेला रस १ किलो, साखर १०० ग्रॅम, लिंबाचा रस २ चहाचे चमचे, ताटाला लावण्यास थोडे तूप. रस मुळातच फार गोड असेल तर साखर निम्मी करावी किंवा घालूच नये. साखर २०० ग्रॅमच्या वर गेली तर पोळी चिकट होते आणि काही दिवसांनी तिच्यावर साखरेचे कण दिसू लागतात. लिंबाच्या रसामुळे रंग चांगला राहतो व टिकण्यास मदत होते.

भांडी स्टीलची किंवा चांगली कल्हई असलेली घ्यावीत. आंब्याच्या आंबटपणामुळे लोखंड, तांबे व बिनकल्हईचे पितळ यांचा अंश रसात उतरतो आणि रंग-चव बिघडते. याशिवाय स्टीलचे पातेले, बारीक चाळणी, काठ असलेली सपाट ताटे, मलमलचे कापड, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा छोटा काटा आणि शक्य असल्यास तापमापक जवळ असावा.

रस तयार करणे

आंबे स्वच्छ पाण्यात तासभर ठेवून चोळून धुवावेत, म्हणजे देठाजवळचा चीक व धूळ निघून जाते. देठाकडील भाग कापून टाकावा. हात साबणाने धुऊन रस पिळावा व चाळणीतून गाळावा. गावरान आंब्याच्या रसात धागे फार असतात. ते राहिले तर पोळी फाटते आणि खाताना दातांत अडकते, म्हणून असा रस दोनदा गाळावा. मिक्सरमधून काढावयाचा असल्यास थोडाच वेळ फिरवावा व फेस बसू द्यावा. फेसाचे बुडबुडे राहिले तर पोळीला भोके पडतात.

रसात पाणी मुळीच घालू नये. घातलेले प्रत्येक भांडे पाणी नंतर वाळवून काढावे लागते.

गाळलेला रस, साखर व लिंबाचा रस एकत्र करून मंद आचेवर ठेवावा व सतत ढवळावा. रस ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तीन-चार मिनिटे तसाच ठेवावा. तापमापक नसल्यास कडेने वाफ येऊन बारीक बुडबुडे दिसू लागले की तेथून तीन-चार मिनिटे मोजावीत. ही पायरी अनेक घरी गाळली जाते, परंतु ती महत्त्वाची आहे. वाळविण्याची ६० अंशांची उष्णता रसातील अपायकारक जीव मारण्यास खात्रीची नसते, ते काम या तापविण्याने होते. तसेच फळातील ज्या विकरांमुळे रस काळा पडतो तीही निष्क्रिय होतात. तापविल्यानंतर रस कोमट होऊ द्यावा व लगेच पसरावा. रात्रभर ठेवू नये.

ताटात पसरणे

ताटाला तुपाचा अगदी पातळ हात लावावा. तूप जास्त झाले तर पोळीला पुढे खवट वास येतो. मध्यभागी रस ओतून ताट हलवून सारखा करावा. थराची जाडी ३ ते ४ मिलिमीटर असावी. कडा लवकर वाळतात, म्हणून कडेला थर किंचित जाड व मधे किंचित पातळ ठेवावा.

जाडी अंदाजाने ठरविण्याऐवजी वजनाने ठरविणे चांगले. २५ सेंटिमीटर रुंद व ३५ सेंटिमीटर लांब ताटात ३५० ग्रॅम रस घातला की थर साधारण ४ मिलिमीटरचा होतो. घरगुती ओव्हनमध्ये साधारण याच मापाचे ताट बसते. आपल्या ओव्हनचे आतील माप घेऊन त्याप्रमाणे ताट निवडावे. ताटाच्या चारही बाजूंनी हवा जाण्यास दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे.

रिकाम्या ताटाचे वजन व रस भरल्यानंतरचे वजन कागदावर लिहून ठेवावे. याचा उपयोग पुढे होणार आहे.

वाळविणे

(अ) पहिला टप्पा : ऊन

मे महिन्यात परभणी भागात दुपारचा पारा ४० अंशांच्या वर जातो व हवा कोरडी असते. अशी फुकट उष्णता असताना सुरुवातीपासून वीज जाळण्याचे कारण नाही. पोळीतील बहुतेक पाणी पहिल्या दिवशीच निघून जाते, आणि ते काम ऊन उत्तम करते.

ताटे जमिनीवर न ठेवता बाजेवर किंवा फळीवर ठेवावीत, म्हणजे खालूनही हवा खेळते. मलमलचे कापड रसाला चिकटणार नाही अशा बेताने चार काड्यांवर ताणून बांधावे. बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. रस्त्याच्या कडेला, गोठ्याजवळ किंवा उकिरड्याजवळ ताटे ठेवू नयेत. सकाळी नऊपासून सायंकाळी पाचपर्यंत ऊन द्यावे व नंतर ताटे घरात झाकून ठेवावीत. रात्री बाहेर राहिलेली पोळी हवेतील ओलावा परत शोषते. सौर वाळवणयंत्र असेल तर अधिक चांगले, धूळ व माश्या यांचा प्रश्नच राहत नाही.

दुसऱ्या दिवशी कडा सुटू लागल्या की पोळी हलक्या हाताने उलटून दुसऱ्या बाजूने वाळवावी. कडक ऊन राहिले तर दोन दिवसांत पोळी तयार होते आणि ओव्हनची गरजच पडत नाही.

काही ठिकाणी एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे रोज पसरून जाड पोळी करतात. पद्धत जुनी व चांगली आहे, पण खालचा थर पुरता वाळल्याशिवाय वरचा घालू नये. पावसाच्या तोंडावर ही पद्धत टाळावी.

(आ) दुसरा टप्पा : ओव्हन

आभाळ आले, पाऊस सुरू झाला किंवा पोळी उन्हात पूर्ण वाळली नाही, तर ओव्हन लावावा. पुढील बाबी पाळाव्यात.

१) तापमान ६० ते ६५ अंश सेल्सिअस असावे. अनेक घरगुती ओव्हनच्या खटक्यावर सर्वांत कमी आकडा ८० किंवा १०० असतो. अशा ओव्हनमध्ये दार थोडे उघडे ठेवून तापमान उतरवावे लागते. खटक्यावरील आकडा व आतील खरे तापमान यांत बराच फरक असू शकतो, म्हणून ताटाजवळ तापमापक ठेवून एकदा खात्री करून घ्यावी.

२) दाराच्या फटीत लाकडी उलथणे किंवा डाव आडवा ठेवून पाच ते आठ सेंटिमीटर फट ठेवावी. या फटीचे महत्त्वाचे काम वाफ बाहेर सोडणे हे आहे. दार बंद राहिले तर पोळीतून निघालेली वाफ आतच कोंडते व पोळी वाळण्याऐवजी शिजते.

३) ओव्हनमध्ये पंखा असेल तर तो सुरू ठेवावा. नसेल तर टेबलावरचा छोटा पंखा थोड्या अंतरावरून फटीच्या दिशेने हळू लावावा.

४) वरची सळई बंद करता येत असेल तर बंद करून फक्त खालची चालू ठेवावी व ताट मधल्या खाचेत ठेवावे. दर तासाला ताट फिरवून मागची बाजू पुढे करावी.

५) ताटात प्लास्टिकचा कागद घालून ओव्हनमध्ये ठेवू नये. तो उष्णतेने वितळतो. तूप लावलेले स्टीलचे ताट सर्वांत चांगले. भाजणीचा लोणी-कागद चालतो, मेणाचा कागद मात्र चालत नाही.

६) फक्त सूक्ष्म लहरींवर चालणारा मायक्रोवेव्ह यासाठी उपयोगाचा नाही. तो पाणी आतून उकळवितो, त्यामुळे पोळी ठिकठिकाणी करपते व मधे ओली राहते. गरम हवेची सोय असलेला मायक्रोवेव्ह त्या सोयीवर, कमी तापमानाला वापरता येतो.

७) दार उघडे असलेल्या ओव्हनजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नये. ओव्हन तसाच सोडून शेतावर जाऊ नये किंवा रात्री झोपू नये. वायरिंग व अर्थिंग नीट असल्याची खात्री करावी.

सुरुवातीपासून ओव्हनमध्येच वाळविल्यास एका ताटाला सहा ते दहा तास लागतात. एक दिवस ऊन खाल्लेली पोळी मात्र दोन ते चार तासांत होते. वीज मधेच गेल्यास घाबरू नये. ताट ओव्हनमधून काढून कापडाने झाकून पंख्याखाली किंवा हवेशीर जागी ठेवावे व वीज आल्यावर पुढे सुरू करावे. पण ओल्या रसाचे ताट सबंध रात्र तसेच राहू देऊ नये.

पोळी झाली हे कसे ओळखावे?

हाताची परीक्षा : मधोमध बोट दाबल्यास खळगा पडू नये व बोटाला रस लागू नये. पोळी ताटापासून अखंड सुटावी, गुंडाळली असता तुटू नये, प्रकाशासमोर धरल्यास सर्वत्र सारखी दिसावी. गरम पोळी नेहमी मऊ लागते, म्हणून परीक्षा थंड झाल्यावर करावी.

वजनाची परीक्षा : ही अधिक खात्रीची आहे. एक किलो रसात साधारण १६० ग्रॅम घन भाग असतो. त्यात १०० ग्रॅम साखर घातली की घन भाग २६० ग्रॅम होतो. पोळीत १७ टक्के पाणी ठेवायचे म्हटले तर अकराशे ग्रॅम मिश्रणाची पोळी सुमारे ३१३ ग्रॅम भरते. याच प्रमाणात ३५० ग्रॅम मिश्रणाची पोळी १०० ग्रॅम भरते. हाच नियम ध्यानात ठेवावा : साडेतीनशेचे शंभर. रस फार गोड व घट्ट असेल तर ११५ ग्रॅमपर्यंत चालेल.

उदाहरणार्थ, रिकामे ताट ४०० ग्रॅमचे आणि त्यात ३५० ग्रॅम रस, म्हणजे भरलेले ताट ७५० ग्रॅम. ते ५०० ग्रॅमवर आले की पोळी तयार झाली. ५५० ग्रॅमवर असेल तर अजून ५० ग्रॅम पाणी जायचे आहे, वरून ती कितीही कोरडी दिसत असली तरी. साखर न घातलेल्या रसाची पोळी याहून हलकी, ३५० ग्रॅमला साधारण ७० ग्रॅम होते.

साठवण

तयार पोळी थंड झाल्यावर तिच्या पट्ट्या कापाव्यात व त्या काचेच्या कोरड्या बरणीत सैल भरून तीन-चार दिवस ठेवाव्यात. रोज बरणी हलवून पाहावी. बरणीच्या आत दव धरले तर पट्ट्यांत ओलावा शिल्लक आहे असे समजून त्या पुन्हा वाळवाव्यात. दव धरले नाही तर लोणी-कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात, अंधाऱ्या व थंड जागी ठेवाव्यात.

नीट वाळलेली पोळी घरात एक ते दोन महिने चांगली राहते. फ्रिजमध्ये ती अधिक काळ टिकते. पावसाळ्यात हवा दमट असते व पोळी ओलावा ओढून घेते. म्हणून एक मोठा डबा वारंवार उघडण्यापेक्षा लहान पाकिटे करून ठेवावीत. ओल्या हाताने पोळी काढू नये.

बुरशी दिसली, आंबूस किंवा दारूसारखा वास आला, तर ती सर्व पोळी फेकून द्यावी. बुरशीचा भाग खरवडून उरलेला खाऊ नये, कारण बुरशीचे तंतू न दिसता आत पसरलेले असतात. अशी पोळी मुलांच्या हाती जाणार नाही याची विशेष काळजी घ्यावी.

नेहमी येणाऱ्या अडचणी

वरून कोरडी, आतून ओली : उष्णता जास्त झाली किंवा थर जाड झाला. तापमान ६० अंशांवर आणावे, पोळी उलटून वाळवावी.

कडा कडक, मधे चिकट : थर सारखा नव्हता. कडेचा वाळलेला भाग कापून घ्यावा व मधला पुन्हा वाळवावा.

रंग काळपट : रस तापविला नाही, लिंबू घातले नाही किंवा भांडे लोखंडी होते. उष्णता जास्त झाली तरीही असे होते.

पोळी ठिसूळ होऊन तुटते : जास्त वाळली. तिचा चुरा करून दुधात किंवा शिऱ्यात वापरावा. पुढच्या वेळी वजनाकडे लक्ष ठेवावे.

चिकटपणा जात नाही : साखर जास्त झाली किंवा हवा दमट आहे. ओव्हनमध्ये ६० अंशांवर तासभर ठेवून लगेच हवाबंद करावी.

इतर फळांची पोळी

ओव्हनचा उपयोग फक्त आंब्यापुरता नाही. आंब्याला ऊन असते, पण पेरूच्या हंगामात, म्हणजे हिवाळ्यात, ऊन मऊ असते. तेव्हा ओव्हन अधिकच उपयोगी पडतो.

पेरू : पिकलेले पेरू फोडी करून थोड्या पाण्यात मऊ शिजवावेत व चाळणीतून घासून बिया वेगळ्या कराव्यात. पेरूत पेक्टिन भरपूर असल्याने पोळी चांगली बांधली जाते.

पपई : गर घट्ट व गोड, पण आंबटपणा फार कमी. म्हणून किलोला दोन मोठ्या लिंबांचा रस अवश्य घालावा. आंब्याच्या रसात निम्मी पपई मिसळल्यास चव व रंग दोन्ही साधतात.

केळी : अर्धापूर, वसमत भागात केळी मोठ्या प्रमाणावर होतात. अति पिकलेल्या केळ्यांची पोळी होते. सोलताच लिंबाचा रस लावावा, नाहीतर गर काळा पडतो.

सीताफळ : या फळाचा गर तापविला की कडवट होतो. म्हणून वरील पद्धतीने सीताफळाची पोळी करू नये.

हिशेब

दहा किलो गावरान आंब्यांपासून साधारण चार ते पाच किलो रस निघतो. किलोला १०० ग्रॅम साखर धरून त्याची सव्वा ते दीड किलो पोळी होते. उलट बाजूने पाहिले तर एक किलो पोळीसाठी साडेसहा ते आठ किलो आंबे, सुमारे ३२० ग्रॅम साखर, तापविण्याचे इंधन, थोडी वीज आणि घरातील माणसांचे दोन दिवसांचे लक्ष लागते.

यावरून निर्णय करणे सोपे आहे. ज्या दिवशी आठ किलो आंब्याचे बाजारात मिळणारे पैसे एक किलो पोळीच्या पैशांतून खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असतील, त्या दिवशी आंबाच विकावा. चांगल्या प्रतीचा केशर आंबा पोळीत घालणे परवडत नाही. पोळी करावी ती न विकल्या जाणाऱ्या, लहान, मऊ व गावरान फळाची.

विजेचाही हिशेब ठेवावा. ३५० ग्रॅमच्या एका ताटातून २५० ग्रॅम पाणी काढावयाचे असते. एवढे पाणी उडविण्यास प्रत्यक्षात युनिटच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जा पुरते, पण दार उघडे असल्याने बरीच उष्णता वाया जाते व खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. ओव्हन लावण्यापूर्वी व नंतर मीटरवरील आकडा लिहून ठेवल्यास आपल्या ओव्हनचा खरा खर्च एका दिवसात समजेल. ऊन आधी व ओव्हन नंतर हा क्रम का सांगितला, तेही त्यावरून पटेल.

पोळी घरापुरती किंवा पाहुण्यांना देण्यापुरती असेल तर एवढे पुरे. विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करून घ्यावी. पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख व किती दिवसांत वापरावी हे लिहावे. पोटॅशियम मेटाबायसल्फाईटसारखे परिरक्षक घरच्या पोळीला लागत नाही. विक्रीसाठी ते वापरावयाचे झाल्यास कायद्यातील मर्यादेतच वापरावे व पाकिटावर त्याचा उल्लेख करावा, कारण दम्याच्या काही रुग्णांना ते सोसत नाही. बचत गटातील भगिनींनी एकत्र येऊन एकच सौर वाळवणयंत्र व एकच ओव्हन वापरल्यास प्रत्येकीवरचा भार कमी होतो.

समारोप

यंदा प्रथमच करणाऱ्यांनी एका ताटापासून सुरुवात करावी. एका झाडाची फळे, एक ताट, साडेतीनशे ग्रॅम रस. रस तापवा, पातळ पसरा, आधी ऊन द्या, नंतर लागेल तेवढाच ओव्हन लावा, आणि वजन शंभर ग्रॅमवर येईपर्यंत थांबा. कोणत्या झाडाची पोळी रंगाला, चवीला व बांधणीला चांगली झाली याची नोंद वहीत ठेवावी. गावरान आंब्यात प्रत्येक झाडाचे फळ वेगळे असते, आणि कोणते झाड पोळीचे आहे ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ती आपल्यालाच शोधावी लागते. असे झाड सापडले तर त्याच्या खोडाला खूण करावी, फांद्यांची छाटणी करून पिकावरची सावली कमी करावी, आणि त्याच्या काडीपासून कलमे बांधून घ्यावीत. बांधावरचे ते झाड मग सरपणाच्या हिशेबात धरले जाणार नाही.